कर्णनाद : कानातील अखंड आवाज व त्यासह जगणे



सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी मी एका द्विशिक्षकी शाळेत इयत्ता चौथीस शिकवीत होतो. शुद्धलेखनाच्या तासाला वर्ग शांत झाला की, एक मुलगा मध्येच मान झटकी, कानावर हात दाबून धरी आणि सांगितलेले शब्द गाळी. कारण विचारता तो म्हणाला, "गुरुजी, कानात रातकिडे वरडत्यात." सारा वर्ग हसला. मलाही ती सबबच वाटली आणि मी त्याचा तोच कान धरून त्यास उभे केले. पुढे समजले की, त्याचा तो कान कित्येक महिन्यांपासून वाहत होता. पाचवीसाठी शेजारच्या गावी जावे लागे. तेथे त्याने नाव घातलेच नाही. त्यास माझी शिक्षाच कारण झाली असे म्हणता यावयाचे नाही. परंतु ती कारण झालीच नाही, असेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

या गोष्टीचे स्मरण मला सहा वर्षांपूर्वी नव्याने झाले. एका रात्री वीज गेली, पंखा थांबला आणि दूरवर कोणी बारीक शिटी वाजवीत असावे असा आवाज मला येऊ लागला. मी कंदील घेऊन अंगणात गेलो, गोठ्यात पाहिले, घरातल्या माणसांना उठवून विचारले. आवाज कोणासही येत नव्हता. तो माझ्याच कानात होता, आणि आजही आहे. या सहा वर्षांत जे वाचले, वैद्यकीय तज्ज्ञांकडून जे समजून घेतले आणि स्वतः अनुभवले, त्याचे थोडक्यात विवेचन या लेखात करावयाचे योजिले आहे.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे यास कर्णनाद म्हणतात. कोणास शिटी, कोणास रातकिड्यांची किरकिर, कोणास वाफेचा फुसफुसाट, तर कोणास घूं-घूं असा आवाज येतो. हा अनुभव नवा नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस विकार सांगितले आहेत, त्यांत त्याचीही गणना आहे. थोर संगीतरचनाकार बेटोव्हेन याने १८०१ साली आपल्या एका वैद्य मित्रास लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजत असल्याची व्यथा कळविली होती.

हा अनुभव दुर्मीळही नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात होतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन या संशोधकांनी ऐकण्यात दोष नसलेल्या ८० प्रौढांना बाहेरचा आवाज न पोहोचणाऱ्या खोलीत बसविले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. तात्पर्य, कान वाजतात म्हणजे माणसाचे डोके फिरले, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कानात बोटे घातली असता जो घुमणारा आवाज येतो, त्यास आपल्याकडे 'रावणाची चिता जळते' असे म्हणतात. तो मुख्यतः बोटांच्या व हातांच्या स्नायूंच्या सूक्ष्म थरथरीचा आवाज असून बोटे काढताच थांबतो. कर्णनाद तसा थांबत नाही. काही भाविक मंडळी कर्णनादास अनाहत नाद समजतात. कोणाच्या श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मात्र कानांची तपासणी तेवढ्यावरून टाळू नये.

हा आवाज येतो कोठून?

आपल्या अंतःकर्णात शंखाच्या आकाराची एक नलिका असते. तीत सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यांचा संदेश मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. वाढते वय, मोठा आवाज, काही औषधे किंवा रोग यांमुळे या पेशी निकामी होतात. मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांपैकी काही निकामी झाल्या म्हणजे मेंदूस तेवढ्या स्वरांचे संदेश कमी मिळू लागतात.

पुढे काय होते, हे रेडिओच्या उदाहरणाने समजेल. एखादे केंद्र अंधूक लागत असले म्हणजे आपण आवाज वाढवितो. तेव्हा भाषणाबरोबर खरखरही वाढते. त्याचप्रमाणे कमी झालेला संदेश टिपण्यासाठी मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि मग मज्जासंस्थेतील नेहमीची बारीक हालचालच आवाज म्हणून ऐकू येऊ लागते, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आवाज खोटा नव्हे. तो बाहेरचा नव्हे, इतकेच.

प्रथम तपासणी

कर्णनाद हा स्वतः रोग नसून लक्षण होय. त्यामागे कधी कानात साठून घट्ट झालेला मळ असतो, कधी मध्यकर्णाचा दाह, कधी रक्तदाबासारखे अन्य कारण. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनीन, तसेच स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधे यांमुळेही कान वाजू शकतात. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्याच मनाने बंद करू नये, त्यांना कळवावे. यास्तव कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान पाहून घेऊन श्रवणचाचणी करून घेणे हे पहिले कर्तव्य होय.

पुढील लक्षणे असल्यास विलंब करू नये :

(१) आवाज एकाच कानात येणे.
(२) नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् असा आवाज येणे.
(३) एकाएकी ऐकू येईनासे होणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उपचारास जितका उशीर, तितकी श्रवणशक्ती परत येण्याची आशा कमी.
(४) भोवळ येणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, अथवा डोक्यास मार लागल्यानंतर कान वाजू लागणे.
(५) कानातून पू किंवा रक्त येणे.

कानात कढत तेल, पाल्याचा रस किंवा रॉकेल घालणे, काडी अथवा आकडा फिरविणे, फिरत्या माणसाकडून मळ काढविणे हे प्रकार घातक आहेत. तसेच 'कर्णनाद हमखास बंद' अशा जाहिरातींवर पैसा खर्च करू नये. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत जिंको, मेलाटोनिन, जस्त यांसारखी पूरक द्रव्ये कर्णनादावर देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच तत्त्वांत श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राची शिफारस आहे. बाहेरचे आवाज नीट ऐकू येऊ लागले म्हणजे आतील आवाज पुष्कळदा मागे पडतो.

'सवय करून घ्या' याचा अर्थ

माझ्या तपासणीत उंच पट्टीचे स्वर कमी ऐकू येतात, एवढेच आढळले. डॉक्टर म्हणाले, "यावर औषध नाही. सवय करून घ्या." हे ऐकून मी फार खचलो. काही महिने झोप नव्हती, वर्गभेटीत लक्ष नव्हते. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते, परंतु अर्धे होते. सवय कशी करावयाची, हे त्यांनी सांगितले नाही. मुलास 'अभ्यास कर' एवढेच सांगून अभ्यास होत नाही, तो करावयाची रीत शिकवावी लागते, हे आपणा शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसास ओढ्याचा आवाज दिवसभर जाणवत नाही. शाळेशेजारी पिठाची गिरणी असली तर पाहुण्याचे कान किटतात, मुले मात्र पाढे म्हणत असतात. जो आवाज बिनमहत्त्वाचा आहे असे मेंदूस पटते, त्याकडे तो लक्ष देत नाही. याच्या उलट, वाळलेल्या पाल्यात काही सळसळले तर आपण जागच्या जागी थबकतो. कारण त्या आवाजाचा भीतीशी संबंध जडलेला असतो. कर्णनादाचा त्रास बव्हंशी असा आहे. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० साली मांडलेल्या विचारसरणीचे सार हेच की, आवाजापेक्षा आवाजाशी जडलेली भीती माणसास अधिक छळते, आणि ती भीती सावकाश सोडविता येते. पुढील रीतीचा मला उपयोग झाला :

(१) पूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा अथवा मंद लावलेला रेडिओ असू द्यावा. कानातील आवाज बुडेल इतका मोठा आवाज मात्र नको. तो ऐकू येत असावा, पण एकटा नसावा.
(२) आवाज आहे की गेला, हे वारंवार कान देऊन पाहू नये. फोडावरची खपली सतत पाहणाऱ्याचा फोड बरा होत नाही.
(३) झोपेची व उठण्याची वेळ नियमित ठेवावी. थकवा, चिंता व अपुरी झोप यांनी आवाज वाढल्यासारखा वाटतो.
(४) 'माझे आयुष्य संपले' यासारखे विचार येतात, ते तपासून पाहावेत. विचार व वर्तन यांत बदल घडविणारी मानसोपचाराची एक पद्धती आहे. तिने आवाज नाहीसा होत नाही. परंतु त्याचा जाच कमी होतो, असा चांगला पुरावा आहे.
(५) ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून दूर राहावे. नाइलाज असल्यास कानात बोळे घालावेत. परंतु एरव्ही, शांत जागी, बोळे घालून बसू नये. त्याने कान अधिकच हळवे होतात.

मन अत्यंत उदास झाले, जिवाचे बरेवाईट करावे असे वाटू लागले, तर ते लपवू नये. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आपला सहकारी असे बोलू लागल्यास थट्टा न करता त्याच्याजवळ बसावे.

आज माझ्या कानात शिटी वाजतेच आहे. हा लेख लिहिताना ती स्पष्ट ऐकू येते, कारण लिहीत तिच्याविषयी आहे. परंतु कालचा संपूर्ण दिवस तीन शाळांच्या तपासणीत गेला, आणि रात्री अंथरुणावर पडेपर्यंत तिची एकदाही आठवण झाली नाही. 'सवय' या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच.

विद्यार्थ्यांविषयी

मुलांचेही कान वाजतात. परंतु मुले क्वचितच सांगतात. पुष्कळ दिवस आवाज येत असला म्हणजे तो सर्वांनाच येत असेल, असे त्यांना वाटते. शांत वाचनाच्या वेळी अस्वस्थ होणारे, श्रुतलेखनात शब्द गाळणारे, वारंवार 'काय?' विचारणारे, झोप न झाल्याने पेंगणारे मूल दिसले, तर त्यास एकट्यास जवळ घेऊन साध्या शब्दांत विचारावे. साऱ्या वर्गासमोर विचारू नये, भीतीही घालू नये. अशा मुलास पुढे बसवावे आणि उघड्या खिडकीजवळ, जेथे बाहेरचा हलका आवाज येतो, तेथे वाचावयास द्यावे.

कान वाहणे ही क्षुल्लक बाब समजू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. ज्या मुलांच्या कानांविषयी शंका आहे, त्यांची यादी वर्गशिक्षकाने आधीच तयार ठेवावी आणि तपासणीच्या दिवशी ते मूल गैरहजर राहणार नाही असे पाहावे. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर, शासनाने तसे घोषित केले असल्यास, शांतता क्षेत्रात मोडतो, अशी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तरतूद आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावी.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. मुलाच्या कानाखाली मारल्याने कानाचा पडदा फाटू शकतो, श्रवणशक्ती जाऊ शकते आणि कान कायमचा वाजत राहू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस बंदी केलीच आहे. पण कायदा नसता, तरीही तो हात आवरावयास हवा होता. मी मुलाचा कान धरला, तेव्हा त्याला येणारा आवाज मला ऐकू येत नव्हता, म्हणून तो मला खोटा वाटला. आपल्या वर्गातील एखादे मूल असेच काही सांगेल, तेव्हा प्रथम ते खरे माना, नंतर तपासणी करून घ्या. केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत या विषयास थोडा वेळ द्यावा, अशी सर्वांस विनंती आहे.