कारवानी कुत्र्यांतील जनुकीय विविधता व अंतःप्रजनन

मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात सशाच्या शिकारीसाठी पाळला जाणारा कारवानी कुत्रा लांबट मुख, खोल छाती व वेगवान धाव यांवरून ओळखला जातो. कर्नाटकात तो ‘मुधोळ हाउंड’ म्हणून प्रसिद्ध असून २००५ मध्ये त्या नावाने टपाल तिकीटही निघाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर निर्बंध आले. धावेची कसोटी मागे पडली; रूप व वंशशुद्धता उरली.

वंशशुद्धतेसाठी एकाच नामांकित नराचा वारंवार वापर होतो. समजा, बीड जिल्ह्यातील काही गावांत मिळून २० माद्या व एकच नर प्रजननासाठी आहे. प्राणी २१ दिसतात. परंतु नर व माद्यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तीस त्यांच्या बेरजेने भागले असता प्रभावी समूहसंख्या जेमतेम ३.८ येते. माद्या दुप्पट केल्या तरी ती ३.९ च्या पुढे जात नाही. मात्र २० माद्यांमागे ५ नर ठेवल्यास १६ होते. पैदास करणाऱ्यांचे सारे लक्ष मादीच्या खरेदीकडे असते, हे या दृष्टीने विचित्रच होय.

पुढील पिढीतील सर्व पिल्ले किमान सावत्र भावंडे ठरतात. त्यांच्या संयोगातून जन्मणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक १२.५ टक्के, तर बाप-लेकीच्या संयोगात २५ टक्के असतो. अशा वेळी सुप्त घातक जनुके जोडीने एकत्र येऊन पिल्लांची संख्या व जीवनक्षमता घटते.

दूरच्या गावातील कारवानी नर आणणे म्हणजे संकर नव्हे. तथापि दोन्ही गावांची कुत्री एकाच नराची संतती असल्यास अंतराचा लाभ थोडाच. त्यासाठी वंशावळीची नोंदवही हवी.