पडद्यावरचे तीन आकडे : चूक कोणाची?

शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, परीक्षेचा निकाल ही कामे आता बहुतांशी संगणकावर किंवा मोबाईलवर होतात. अर्ज भरता भरता पडद्यावर एकाएकी ४०३ किंवा ५०४ असा क्रमांक येतो आणि विद्यार्थी गोंधळतो. आपलेच काहीतरी चुकले असे समजून तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो, नाहीतर अर्जाचा नाद सोडतो. म्हणून या क्रमांकांचा अर्थ आम्ही येथे देत आहोत.

आपला ब्राऊझर दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी करतो व सर्व्हर उत्तरासोबत तीन आकडी क्रमांक पाठवतो. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या मूळ पद्धतीत असे क्रमांक नव्हते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते आढळतात. पहिला आकडा २ असेल तर मागणी पूर्ण झाली. ३ असेल तर पान दुसऱ्या पत्त्यावर आहे. तिकडे ब्राऊझर बहुधा आपणहून जातो. आपल्याला अडवतात ते ४ आणि ५.

४ म्हणजे सर्व्हरच्या मते मागणीतच काही खोट आहे. यातील ४०१ व ४०३ यांत फार गल्लत होते. ग्रंथालयाच्या दारावर ‘ओळखपत्र दाखवा’ म्हणतात, ते ४०१. अशा वेळी पुन्हा लॉगिन करावे. ‘ओळखपत्र असो, हे दालन तुम्हांला खुले नाही’ हे ४०३; येथे तोच पासवर्ड दहा वेळा टाकूनही उपयोग नाही. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान सापडले नाही. पत्ता टाइप करताना चूक झाली असेल, पण कित्येकदा संकेतस्थळावरचा दुवाच जुना असतो, म्हणजे दोष आपला नसतो. पान कायमचे काढून टाकले असेल तर ४१० असे स्पष्ट सांगण्याची सोय आहे, पण ती क्वचितच वापरली जाते. आणि थोड्या वेळात फार मागण्या पाठवल्या, तर ४२९ येतो!

५ ने सुरू होणारा क्रमांक आला तर मात्र स्वतःला दोष देऊ नये. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतील बिघाड. ५०३ म्हणजे त्याच्यावर भार फार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करावा. शेवटच्या तारखेला सगळे एकदम अर्ज भरू लागले की हे घडू शकते.

सर्वांत जपण्याचा क्रमांक ५०४. येथे मधला सर्व्हर मागच्या सर्व्हरची वाट पाहून थांबला, एवढेच कळते. मागे काम झाले की नाही, हे त्यावरून कळत नाही. शुल्क कापले गेलेले असू शकते! म्हणून पुन्हा पैसे भरण्यापूर्वी बँकेची नोंद व अर्जाची स्थिती पाहावी. पडद्याचे छायाचित्र तारीख व वेळेसह जपून ठेवावे आणि तक्रारीत नुसते ‘साईट चालत नाही’ असे न लिहिता तो क्रमांक लिहावा. हे क्रमांक मराठीत समजावून सांगणे संकेतस्थळ चालवणाऱ्यांचेच काम आहे, असे आमचे मत आहे.

एक सूचना राहिली. काही संकेतस्थळे चुकीचा मजकूर दाखवतानाही आतून २०० हाच यशाचा क्रमांक पाठवतात. तेव्हा पान नीट उघडले म्हणजे अर्ज पोहोचला असे धरू नये. अर्ज क्रमांक असलेली पोचपावती उतरवून घ्यावी.