शेजाऱ्याची वीज



माझ्या लहानपणी इंदूरच्या वाड्यात एखाद्या बिऱ्हाडाचा फ्यूज उडाला, की शेजारच्या खोलीतून वायर ओढली जाई. मीटर दुसऱ्याचा, बल्ब आपला. पैसे कोणी विचारत नसे. संक्रांतीला त्या घरी चार वड्या जास्त जात, इतकेच.

आता घरांच्या छतांवर सौर पॅनल आले आहेत. तीन किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट वीज देतो. दुपारी घरात माणसे नसली, की उरलेली वीज कंपनीच्या लाइनीत जाते. खरे पाहता ती जवळच्याच घरातला कूलर चालवते. पण शेजारी तिचे पूर्ण दराने बिल भरतो. मग ती त्यालाच का विकू नये?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एप्रिल २०१६ मध्ये एका गल्लीतल्या घरांनी हा प्रयोग केला. पुढे लखनऊमध्येही तो झाला. इथे वायर ओढायची नसते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वीज वाटता येत नाही. वीज कंपनीच्याच तारांतून जाते, फक्त हिशेब बदलतो. कोणी किती दिली, कोणी किती घेतली, हे स्मार्ट मीटर नोंदवतो.

अडचण मनाची आहे. अभिज्ञान सिंह आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भारतात केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घराघरांत विजेची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा लोकांनी सगळ्यांना एक भाव लावला नाही. कोणाकडून रोख घेतले, कोणाकडून वस्तू, तर कोणाकडून काहीच नाही. नाते पाहून भाव ठरला. मला यात मागासलेपणा दिसत नाही. आमचा वाडाही असाच चालत असे.

पण दुसरी बाजू वाड्यातच पाहिली आहे. ज्या बिऱ्हाडाला परतफेड जमत नसे, ते दुसऱ्यांदा वायर मागायला येत नसे, अंधारात बसे. हिंदीत ज्याला एहसान म्हणतात, तो त्यांना जड जाई. अशा घराला ठरलेला भाव हाच आधार वाटतो. उजळ माथ्याने घ्यावे आणि पैसे द्यावेत.

आपल्या शहरात अशी सोय झाली, तर मे महिन्यात शाळा बंद असताना छतावरची वीज मागच्या चाळीला कमी दराने द्यावी, की सर्वांना एकच दर ठेवावा? विश्वस्त मंडळींत याबद्दल दोन मते आहेत. पालकांनी आपले मत पाल्याच्या डायरीत लिहून पाठवावे.

— मुख्याध्यापक