आरटीईची सोडत : पंचवीस टक्के जागांचा हिशेब

महाराष्ट्रात ‘आरटीईची सोडत’ या नावाने ओळखली जाणारी प्रवेशव्यवस्था ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ याच्या बाराव्या कलमावर उभी आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले. शासन स्वतःच्या शाळेत एका विद्यार्थ्यावर जेवढा खर्च करते तेवढ्या मर्यादेत या मुलांचे शुल्क शाळेला परत देते. ही शुल्क-प्रतिपूर्ती थकल्याची शाळांची तक्रार मात्र जुनीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली आणि २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना अधिनियमातून वगळले.

सोडत संगणकावर निघते, त्यामुळे अर्ज दाखल झाल्यानंतर ओळख, शिफारस किंवा देणगी यांना वाव उरत नाही, आणि सार्वजनिक व्यवहारात ही मोठीच कमाई मानली पाहिजे. खरी चाळणी लागते ती त्याआधी. पालकाला ऑनलाइन अर्जात घराचे ठिकाण नकाशावर अचूक दाखवावे लागते, कारण शाळेपासूनच्या अंतरावर प्राधान्य ठरते. दुर्बल घटकासाठी वार्षिक एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार असावा लागतो. झोपडपट्टीत तोंडी बोलीवर खोली घेतलेल्या, दर काही महिन्यांनी जागा बदलणाऱ्या बांधकाम मजुराकडे असा करार कोठून येणार? ज्यांच्यासाठी ही जागा राखली, त्यांतील सर्वांत गरीब माणूस नेमका येथेच अडतो.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. शासकीय व अनुदानित शाळांचे जाळे दाट असल्याने बहुतेक खासगी शाळा त्यामुळे प्रक्रियेबाहेर गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दबातल ठरवली. शासकीय शाळा सुधारणे हे शासनाचे कर्तव्य आहेच, पण त्या शाळेचे अस्तित्व पुढे करून गरीब मुलाला शेजारच्या शाळेचे दार बंद करणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

सर्वांत क्लेशकारक मर्यादा मात्र अधिनियमातच आहे. त्याचे संरक्षण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच मिळते. त्यानंतर त्याच वर्गात, त्याच सोबत्यांबरोबर बसण्यासाठी पालकाला पूर्ण शुल्क भरावे लागते किंवा मुलाची शाळा बदलावी लागते. दहावीपर्यंत हे संरक्षण वाढवण्याची तरतूद राज्याने विनाविलंब केली पाहिजे.