ज्यांना काहीच टाकवत नाही

माळ्यावर फुटका कंदील, मोडक्या काड्यांच्या छत्र्या आणि वर्षानुवर्षांची रद्दी कोणाच्या घरी नसते? टंचाईचे दिवस पाहिलेल्या माणसाला ती टाकवत नाही, यात नवल नाही. परंतु वाचकहो, हाच साठा माळ्यावरून पलंगावर उतरला, शेगडीपर्यंत पोहोचला आणि पाहुण्यांची उंबऱ्यावरूनच बोळवण करावी लागली, म्हणजे त्याला काटकसर कशी म्हणावी?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होमर आणि लँग्ली कोलियर हे सुविद्य बंधू राहत असत. होमर वकील होता. लँग्ली पियानो वाजवी. होमरची दृष्टी गेली तेव्हा लँग्लीने त्याची शुश्रूषा पत्करली, आणि दृष्टी परत आल्यावर भावाला वाचता यावीत म्हणून तो वर्तमानपत्रे जपून ठेवू लागला. २१ मार्च १९४७ रोजी पोलीस वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरले, तो होमर मृतावस्थेत आढळला. लँग्लीचा शोध सर्वत्र झाला. अखेर ८ एप्रिलला त्याचा देह त्याच घरात, भावापासून काही फुटांवर, कोसळलेल्या ढिगाखाली सापडला. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. लोक त्यातील चौदा पियानोंची गोष्ट चवीने सांगतात. आम्हांला मात्र ती वर्तमानपत्रे विसरता येत नाहीत.

कारण अशा साठ्यामागे बहुधा लोभ नसतो. वस्तू उद्या उपयोगी पडेल, ती टाकणे म्हणजे नासाडी, तिच्यात कोणाची तरी आठवण आहे, असे त्या व्यक्तीला मनापासून वाटते. टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या अवस्थेची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. तिचा आरंभ पुष्कळदा कुमारवयातच होतो आणि वयाबरोबर ती बळावते. उतारवयात ती एकाएकी दिसू लागली, तर स्मृतिभ्रंशाची तपासणीही करून घ्यावी.

घरच्यांची कुचंबणा मोठी असते. मुले मित्रांना घरी बोलावत नाहीत. सुनेला स्वयंपाकाला ओटा मोकळा मिळत नाही. मग एके दिवशी आजोबा गावी गेले की रद्दीवाल्याला बोलावले जाते आणि घर लख्ख होते. आजोबा परततात, त्यांचा घरच्यांवरील विश्वास उडतो, आणि थोड्याच महिन्यांत घर पुन्हा भरते. मग कपाटाला कुलूप लागते, एवढाच काय तो फरक!

त्यापेक्षा अपघाताची भीती आधी दूर करावी: जिना, दरवाजा, शेगडीभोवतीची जागा आणि विजेची बटणे मोकळी असावीत. यासाठीही त्यांना विचारूनच हात लावावा. बाकीच्या ढिगातून एका वेळी एकच पेटी घ्यावी आणि काय ठेवायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मानसोपचारातही माणसाला हाच निर्णयाचा सराव देतात. नवीन वस्तू न आणण्याचाही देतात. त्यास महिने लागतात. सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. प्रथम घरच्यांपैकी कोणी दूरध्वनी केला तरी चालतो.