वसाहतीचे पाळणाघर : नातवंडांसाठी, आणि आपल्यासाठीही

गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मी दोन वर्षे एकच सल्ला देत आलो : "विश्रांती घ्या, वजन उचलू नका." गेल्या पावसाळ्यात त्या हसून म्हणाल्या, "डॉक्टर, अकरा किलोचा नातू सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत माझ्याजवळ असतो. ती विश्रांती कोणत्या औषधाच्या दुकानात मिळते, तेवढे लिहून द्या."

मी निरुत्तर झालो. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही वर्षभर लांबली होती. कारण तेच, बाळाकडे कोण पाहणार? दर वेळी रक्तदाब मोजला, पण घरात मूल कोण सांभाळते हे मी कधी विचारले नव्हते. ही चूक माझी.

वाचकहो, नातवंडांचा सहवास हे उतारवयातील मोठे सुख आहे. परंतु दोन तास नातवाशी खेळणे वेगळे आणि अकरा तास एकट्याने त्याची जबाबदारी वाहणे वेगळे. त्या धावपळीत जेवणाची वेळ टळते, गोळी चुकते, फिरणे थांबते, तपासणी पुढे ढकलली जाते. मधुमेह असणाऱ्यांना हे विशेष बाधते. त्यातून मुलासुनेला "मला झेपत नाही" असे सांगण्याचा संकोच. झेपत नाही म्हणजे माया आटली, असे नव्हे.

यावर एक उपाय आपल्या हाती आहे : वसाहतीतील कुटुंबांनी मिळून चालवलेले, रीतसर परवानगी घेतलेले पाळणाघर. कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात बालशिक्षण आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उभे केले. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मात्र लहान दुकानांत, दवाखान्यांत वा घरकामावर असणाऱ्या आईबापांपर्यंत ती सोय पोहोचत नाही. म्हणून वसाहतीने पुढे यायचे.

आरंभ कसा करावा?

प्रथम मोजणी करा : मुले किती, कोणत्या वयाची, किती तासांसाठी. मग गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. जागा तळमजल्यावरची, हवेशीर, स्वतंत्र स्वच्छतागृह असलेली हवी. चालकमंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. महापालिका किंवा नगरपरिषद आणि महिला व बालविकास कार्यालयाकडे आधीच चौकशी करा. आवश्यक परवानग्या ठिकाणानुसार बदलतात. अग्निसुरक्षेची व्यवस्था, जेवण शिजवून देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी, आणि प्रत्येक सेविकेची पोलीस पडताळणी यांत तडजोड नको. "सगळे ओळखीचेच आहेत" हे वाक्य एखादे मूल पडेपर्यंतच टिकते. त्यानंतर उपयोगी पडतात त्या नोंदी, नियम आणि प्रशिक्षित माणसे.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका आणि सोबत मदतनीस, असे किमान प्रमाण आहे. वर्षाखालील तान्ह्यांसाठी, माझ्या मते, तीन-चार बाळांमागे एक व्यक्ती हवी. शुल्क कुटुंबाच्या ऐपतीनुसार ठेवावे, आणि आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलांनाही तेथे जागा असावी. आपले घर त्यांच्या श्रमांवर चालते.

डॉक्टर म्हणून माझा आग्रह

• प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे. राहिलेल्या लसी पूर्ण करून घ्याव्यात.
• ताप, जुलाब किंवा अंगावर नवे पुरळ असलेल्या मुलाने त्या दिवशी घरी राहावे.
• लंगोट बदलल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.
• तान्ह्या बाळाला उताणे निजवावे; उशी आणि जड पांघरूण नको.
• अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे लहान मुलांना देऊ नयेत; ती श्वासनलिकेत अडकतात.
• पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये. थोड्या पाण्यातही रांगते मूल बुडू शकते.
• प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती सदैव हजर असावी. १०८ आणि १०९८ हे क्रमांक भिंतीवर ठळक लिहावेत.

एक सूचना खास आपल्यासाठी. आपल्या मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत, उशीखाली, टेबलावर राहतात. मुलाने एखादी गिळली, तर ती जिवावर बेतू शकते. पाळणाघरात जाताना औषधे सोबत नेऊ नका. घरीही कुलपात ठेवा. गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका, उलटी करवू नका. गोळीचे पाकीट घेऊन तातडीने रुग्णालय गाठा.

मग पाळणाघरात आपले काम काय? पुष्कळ आहे. हिशेब पाहा, चालकमंडळात बसा, खुर्चीत बसून तासभर गोष्टी सांगा, ओव्या म्हणा. मात्र मूल उचलणे, आणि एकट्याने सर्वांकडे लक्ष ठेवणे, सेविकांवर सोपवा. खोकला-सर्दी असेल त्या दिवशी घरी थांबा. मुलांकडून आपल्यालाही संसर्ग होतो. म्हणून फ्लूच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

त्या आजींच्या वसाहतीत पाळणाघर अजून झालेले नाही. ठराव सभेपुढे आहे. तोवर तीन कुटुंबांनी बाळांना सांभाळण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि त्यांची शस्त्रक्रिया पार पडली. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, "नातू आता नीट दिसतो. आता त्याच्यामागे धावायला दुसरे कोणी द्या."

आपल्या वसाहतीच्या पुढच्या सभेत हा प्रश्न आपणच मांडा. आपण मांडलात, तर इतरांचाही संकोच सुटेल.