जनुक-चाचणी आणि प्रकृतिपरीक्षण

यकृतातील विकरांची जनुक-चाचणी करून घेतलेले रुग्ण अहवाल पुढे ठेवून विचारतात, ‘शरीरात आम किती साठला आहे, ते यात कळते का?’ कळत नाही. औषधे व परकीय द्रव्ये यांचे रूपांतर करणारी विकरे जन्मतः जलद की मंद, एवढेच ही चाचणी सांगते. आज साठलेले काही ती मोजत नाही. शोधनापूर्वी ती करण्याचा खर्च आम्हांस अनाठायी वाटतो.

तरीही विषय आपल्याला परका नाही. पुणे येथील संशोधकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३२ निरोगी व्यक्तींची प्रकृती व ‘सीवायपी२सी१९’ या विकराचे जनुक ताडून पाहिले होते. मंद रूपांतराचा जनुकप्रकार कफप्रकृतीत ३१, वातप्रकृतीत १२ व पित्तप्रकृतीत ९ टक्के आढळला. अग्निविचाराशी हे जुळते, याचा आम्हांसही आनंद आहे. परंतु हेच आकडे उलट वाचले, तर कफप्रकृतीचे ६९ टक्के लोक मंद नाहीत आणि पित्तप्रकृतीतही मंद आहेतच.

क्लोपिडोग्रेल याच विकरामुळे कार्यक्षम होते. स्टेंट बसविलेल्या, मंद विकराच्या रुग्णात ते अपुरे पडून रक्ताची गुठळी होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये तशी ठळक सूचना दिली. अशा रुग्णाची प्रकृती पित्ताची ठरली म्हणून निश्चिंत राहणे आम्हांस मान्य नाही. शंका आल्यास हृद्रोगतज्ज्ञांस चिठ्ठी द्यावी. ते औषध परस्पर बंद वा कमी करू नये.